एकाच नावाच्या दोन कवळ्या

मामा हा नक्की कुणाचा मामा, असं विचाराल तर नऊ जणांचा. चार बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता एक भाऊ, बहिणींची लग्नं लवकर झाली, पोरं भराभर झाली, आणि हा मिसरूड फुटायच्या आत मामा होऊन बसला. भाच्यांचं ऐकून शेजारी मामा म्हणायला लागले, मग वाणी, मग दूधवाला. एकदा तर प्रत्यक्ष वडिलांनी, 'मामा, जरा तंबाखूची पुडी आण रे,' असं म्हटलं होतं. लग्न झाल्यावर बायको आपोआप मामी झाली. ऐन तेविशीत मामी! त्याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नाही.

मामाचा धंदा कवळ्या करायचा. गावातल्या एका उस्तादाकडे, दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, तो हे काम शिकला. हात असा की त्याने बसवलेल्या दातांनी म्हातारी माणसं उसाची कांडकी सोलायची. तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कारखान्याने त्याला बोलावलं, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "का रे, तिकडच्या लोकांना दात नाहीत?"

होते की. पडतही होते. दात पडायला कुठला देश लागतो?

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. खिडकीला लागून सहा टेबलं, प्रत्येकावर दिवा, मेण वितळवायची छोटी ज्योत, आणि कोपऱ्यात पॉलिशचं चाक. दवाखान्यांकडून रोज सकाळी डबे यायचे, हातभर लांब फळीवर ओळीने लावलेले. प्रत्येक डब्यात एका माणसाच्या जबड्याचं माप आणि वर एक चिठ्ठी: नाव, नंबर, दातांचा रंग. बस्स. माणूस कधी दिसायचा नाही. काळा की गोरा, भांडखोर की गरीब, काही कळायचं नाही. त्याची टाळू दिसायची, त्याच्या हिरड्या दिसायच्या आणि त्याचं नाव.

आणि काय नावं हो एकेक! मामाला तिकडची भाषा कामापुरती येत होती, पण नावांचे अर्थ सांगायची ती चाकावरची पॉलिशवाली. तिथलीच बाई, तोंडावर फडकं बांधून चाकाच्या घरघरीवर ओरडून बोलणारी. मामा चिठ्ठी वर धरायचा, ती चाक थांबवायची आणि म्हणायची, "हे आडनाव म्हणजे अर्धी भाकर." किंवा, "हा कोल्ह्याचा जावई." एका बाईच्या आडनावाचा अर्थ निघाला 'रविवारी न हसणारी'. तिची कवळी करताना मामाने दात जरा हसरे बसवले. म्हटलं, निदान सोमवारी तरी हसू दे.

गल्लीबोळांची तीच तऱ्हा. कारखाना होता तो बोळ 'आंधळ्या मांजरीचा'. मामाचं बिऱ्हाड होतं त्या रस्त्याचं नाव 'उसाशाचा चढ', आणि ज्याने ते ठेवलं त्याने भाजीची पिशवी घेऊन तो चढ चढलेला असणार. वाटेत बसचा एक थांबा लागायचा, त्याच्या नावाचा अर्थ 'तिघींचं भांडण'. मामीने ऐकल्याबरोबर निकाल दिला, "जावा असणार. बहिणी भांडल्या तर ते कुणी गावभर करत नाही."

मामी घरी शिवणाचं काम आणायची. एका दुकानाच्या विजारी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. दोन खोल्या, एक मशीन, आणि सहा वर्षांची लेक चिंगी, जी यंदा पहिलीत जाणार होती. तीन वर्षांत त्यांच्या दाराची बेल वाजली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा चुकून. गावी कसं, दार लोटलेलं असायचं आणि माणूस आत येऊन बसल्यावर विचारायचं, काय काम काढलंत. इथे माणूस नाही म्हटल्यावर मामीने एक युक्ती काढली. मामा बूट काढायच्या आत ती विचारायची, "आज कोण आलं?"

मग मामा खिशातला कागद काढायचा. "आज कोल्ह्याचा जावई आला होता."

"अगंबाई! आणि सासरेबुवा?"

"ते कसे येतील? त्यांचे दात शाबूत."

तिघं पोट धरून हसायची. चिंगीला तर कोल्ह्याचा जावई कुठे राहतो, काय घालतो, सगळं सांगावं लागायचं. रोज संध्याकाळी असा एक पाहुणा त्या दोन खोल्यांत येऊन जायचा. ना चहा मागायचा, ना मुक्काम करायचा. या नावांचे मामावर खरंच उपकार होते. नाहीतर पहिल्याच वर्षी मामीने बोचकं बांधलं असतं.

तर एके दिवशी फळीवर एक डबा आला. मामाने चिठ्ठी वर धरली. पॉलिशवालीने चाक थांबवलं, फडकं खाली ओढलं आणि म्हणाली, "हे जुनं नाव आहे. विहिरीत न बुडालेला शहाणा."

"एवढं सगळं?"

"एवढं सगळं."

माप वरच्या जबड्याचं होतं, पुढचे सहा दात अजून उभे. चिठ्ठीवर लिहिलं होतं, दात काढणार आहोत, नवे अगदी याच जागी हवेत. मामाने मापात प्लास्टर ओतलं, साचा काढला, फळीवर ठेवला. संध्याकाळी घरी त्या नावाने धमाल उडवून दिली.

"म्हणजे बुडायला गेला होता की काय?" मामी म्हणाली.

"शहाणा होता म्हणून वाचला."

"शहाणा असता तर गेलाच नसता. आणि काही म्हणा, असलं नाव जगात एकाच्याच नशिबी असणार. दुसऱ्या कुणाला द्यायला हिंमत लागते."

दोन दिवसांनी दुसरा डबा आला. तोच दवाखाना, तेच नाव, अक्षर न् अक्षर तेच. पण या मापात वर एकही दात नव्हता, नुसत्या हिरड्या. मामाने मान डोलावली. सरळ होतं: दात काढले, आणि डॉक्टरने नवं माप पाठवलं. आता उस्तादाचा नियम असा की, दुसरं माप आलं की पहिलं मोडून टाकायचं, म्हणजे घोटाळा नको. पॉलिशवाली त्या दिवशी रजेवर होती. ती असती तर काहीतरी बोलली असती. मामाने फळीवरचा सहा दातांचा साचा उचलला, हातोडीचा एक ठोका दिला आणि तुकडे कचऱ्याच्या पिंपात टाकले. मग नव्या मापावर अशी सुरेख कवळी केली म्हणता, की पाठवायच्या आधी स्वतःच दोनदा फिरवून बघितली.

आठ दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. मालकीणबाईंनी तो घेतला, ऐकला, ठेवला आणि सरळ मामाच्या टेबलाशी आल्या. साठीची बाई, केस बारीक कापलेले, आवाज कधी चढवायची नाही. त्यामुळेच सगळे तिला टरकून असत.

"पहिलं माप कुठंय? सहा दातांचं?"

"मोडलं, बाई. दुसरं आलं होतं ना."

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या. "दुसरं त्याचं नव्हतं. त्या नावाचे दोघं आहेत. बाप आणि लेक."

मामाला वाटलं आपल्या भाषेचा काहीतरी घोळ होतोय. "बापलेकाचं एकच नाव? बाप जिवंत असताना?"

"हो. त्यात काय?"

त्यात काय! आता बोला. आपल्याकडे आजा गेला तर त्याचं नाव नातवाला ठेवतात, तेही कौतुकाने. पण बाप घरात धडधाकट बसलेला असताना पोराला त्याचंच नाव? पोराला हाक मारली तर बाप ओ देईल, आणि बापाला शिवी दिली तर पोराला लागेल. गावात कुणी असं केलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला पोचवायची एवढी घाई झाली काय रे? मामाच्या स्वप्नातही हे आलं नसतं. चूक झाली ती अशी, साध्या रीतीने वागता वागता. पण चूक ती चूक.

झालं होतं असं. मामाने केलेली ती एकच कवळी दवाखान्यात गेली होती. बापाचे काल सहाही दात काढले, डबा उघडला, तर आत लेकाचे दात, लेकाच्याच तोंडात चपखल बसणारे. आता म्हाताऱ्याच्या तोंडात वर एक दात नाही, आणि ते दात कुठे, कसे, किती पुढे होते याचा जगातला एकमेव पुरावा कचऱ्याच्या गाडीतून गेलेला.

"दात मिळतील दुसरे," मामा कसाबसा म्हणाला.

"तो माणूस कोण आहे माहीत आहे का तुला?" बाईंनी विचारलं. "तो हजेरी घेतो."

मग पॉलिशवालीने सांगितलं. हे आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे, चढाच्या वरच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं कारकून होते. शाळेत वीस देशांची पोरं, कुणाचे आईबाप गिरणीत, कुणाचे बंदरावर, आणि नावं अशी की मास्तरांची जीभ अडखळायची. तर दरवर्षी पहिल्या दिवशी पटांगणात सगळ्या नव्या पोरांची नावं हे आजोबा वाचायचे. एकही चुकायचं नाही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी त्या एका दिवसासाठी शाळा त्यांना बोलावते. अख्खा गाव त्यांना हजेरीआजोबा म्हणतो. पॉलिशवालीचं नावही त्यांनीच वाचलं होतं, आणि तिच्या आईचंही.

शाळा उघडायला सोळा दिवस होते. आणि दात नसलेला माणूस नावं वाचणार कशी? निम्मी अक्षरं तर दातांवरच उभी असतात.

त्या संध्याकाळी मामीने विचारलं, "आज कोण आलं?" आणि मामा बूट न काढताच दारात बसला. सगळं ऐकून मामीने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "लोक दुसऱ्याला मामा बनवतात. तुम्ही स्वतःलाच बनवलंत." पण लगेच तिने त्याच्या बुटाची नाडी सोडली. "तोंड लपवू नका. जाऊन पाया पडा आणि कामाला लागा."

बाईंनी वेगळं काय सांगितलं? तेच. "तू स्वतः दवाखान्यात जा. नव्या मापावर मेणात दात बसवून ने, त्यांच्या तोंडात लावून बघ, हवे तसे हलव. सोळा दिवस तुझं दुसरं काम बंद." नोकरीवरून काढायची भाषा नाही, ओरडणं नाही. मामाने 'बाई' म्हणून तोंड उघडलं, तोच बाई म्हणाल्या, "जा आता. प्लास्टर सुकतंय तुझं."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत आजोबा खुर्चीत बसले होते. बारीक चणीचे, ओठ आत गेलेले, कानात केस. शेजारी साठीला टेकलेला लेक, तोंडात मामाचे दात घालून. मामाने वाकून सरळ पाय धरले. तिकडे असं कुणी करत नाही, आजोबांना वाटलं याचं काहीतरी हरवलंय, तेही खाली बघायला लागले.

"आजोबा, माझी चूक झाली," मामा म्हणाला. "मला वाटलं असलं नाव एकाचंच असणार."

आजोबा काहीतरी फुसफुसले. लेकाने सांगितलं, "बाबा म्हणतायत, चूक तुझी नाही, त्यांच्या बापाची. त्यांचंही नाव हेच होतं. सत्तर वर्षं पोस्टमन चुकतोय. तू तर कालचा पाहुणा."

आणि बापलेक दोघं हसले. एकाच्या तोंडात दात, एकाच्या तोंडात नाही, पण हसणं मात्र एकच. मामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गावी एवढी चूक केली असती तर उस्तादाने हातोडी फेकून मारली असती, आणि गिऱ्हाइकाने काय फेकलं असतं ते सांगायलाच नको. इथे परका माणूस, ज्याचं खरोखर नुकसान झालंय, तोच याची समजूत काढत होता.

पण हसण्याने दात जागेवर येत नाहीत. मामाने मेणातले दात लावले. आजोबांनी आरशात न बघता सदऱ्याच्या खिशातून एक चोपडी काढली. जुन्या हजेऱ्यांची. म्हणाले, आता लेकाच्या मदतीशिवाय पण शीळ घालत, "माझे दात कुठे होते ते तुला माहीत नाही. मला पण नाही. माझ्या जिभेला माहीत आहे. मी नावं वाचतो, तू ऐक."

असं काम मामाने जन्मात केलं नव्हतं. आजोबा एक नाव वाचायचे. ओठाला दात लागला नाही तर नुसती हवा जायची. मामा दात काढायचा, ज्योतीवर मेण मऊ करायचा, पुढचे दोन दात केसभर खाली आणायचा, परत लावायचा. आजोबा तेच नाव परत वाचायचे. एका नावात शीळ वाजायची म्हणून डावीकडचा दात तीनदा हलवला. जोडीला प्रत्येक नावाची कथा. दोन जुळ्या भावांची नावं होती 'आधी' आणि 'नंतर', आणि हजेरीला नंतर कायम आधी यायचा. एका मुलीचं नाव 'पुरे'. सातवी लेक. "तीच आता त्या शाळेची मुख्याध्यापिका आहे," आजोबा म्हणाले. "मला अजून धाक दाखवते."

"आमच्याकडे अशा पोरीला नकोशी म्हणायचे," मामा म्हणाला. "आणि मुलं जगत नसली तर धोंडू, भिकू, दगडू. म्हणजे मरणाला वाटावं, हा दगड कशाला उचलायचा."

आजोबा वाचायचे थांबले. "आणि मग जगायची?"

"माझे एक काका भिकू होते. एक्क्याण्णव वर्षं जगले."

आजोबांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. भ त्यांना फार आवडला, ओठ मिटायला लागतात म्हणून. त्या संध्याकाळी घरी पाहुण्यांची रांग लागली: आधी, नंतर, पुरे. आणि मामी म्हणाली, "भिकूकाका पण तिकडे जाऊन आले म्हणायचे!"

तिसऱ्या बैठकीला आजोबांनी यंदाची यादी काढली. एकशे बारा नावं. निम्मी झाली, साठ झाली, दात बऱ्यापैकी बसत आले होते. आणि एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"ही तीन पोरं आहेत का? मध्ये स्वल्पविराम नाही."

मामाने वाकून बघितलं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. "एकच आहे," तो म्हणाला. "माझी आहे."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुझी? आणि तू तीन दिवस बोलला नाहीस?"

"कसं बोलणार? तुमचं माप मोडून वर माझ्या पोरीचं नाव नीट वाचा म्हणून सांगू?"

"सांगायचंस," आजोबा म्हणाले. "मी त्यासाठीच जिवंत आहे. तीन नावं का, ते सांग."

मामाने सांगितलं. पहिलं तिचं, मधलं बापाचं, शेवटचं घराण्याचं. आजोबा विचारात पडले. "म्हणजे आम्ही मुलाला आपलंच नाव देऊन टाकतो आणि घोळ घालतो. तुम्ही देत नाही. तुम्ही सोबत जाता." मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव दुसऱ्या प्रयत्नात जमलं. मधलं चौथ्या. आडनावापाशी गाडी अडली, कारण त्यात ळ होता. तो अख्ख्या देशात कुणाकडे नव्हता. आजोबांनी ल म्हणून बघितला, ड म्हणून बघितला, र झाला, मधेच काहीतरी गुळण्यांसारखं झालं.

"राहू द्या, आजोबा," मामा म्हणाला. "ल चालेल. इथे सगळे ल च म्हणतात. आता आम्ही पण म्हणतो."

म्हातारा खुर्चीत ताठ झाला. "चालेल? चालेल म्हणणारे पुष्कळ आहेत. पोर पहिल्या दिवशी परक्या पटांगणात उभं असतं. आईचा हात सुटलेला असतो. तेव्हा निदान नाव तरी घरचं ऐकू यावं. जीभ कुठे लागते ते दाखव."

मामाने तोंड उघडून दाखवलं. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाने त्याच्या तोंडात दिवा धरून बघितलं. जीभ उलटी वळते आणि टाळूला मागे जाऊन टेकते. आजोबांनी जीभ वळवली आणि वैतागून बोटाने टाळूवरची पट्टी दाखवली. "इथे भिंत आहे."

खरंच होती. कवळीची पट्टी नेमकी तिथे जाड होती. मामाने ती बाहेर काढली, चाकूने मेण खरवडलं, बोटाने चाचपलं, पुन्हा खरवडलं. लावली. आजोबांनी डोळे मिटले, जीभ वळवली आणि म्हणाले. ळ! खणखणीत. मामा चाकू हातात घेऊन नुसता उभा राहिला. आजोबा खूष होऊन ळळळ करत सुटले, तेव्हा दातांची डॉक्टर धावत आली. तिला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला.

मालकीणबाईंनी मात्र अंतिम कवळीची पट्टी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एवढी पातळ? फुटली तर?"

"फुटली तर दुसरी करीन, बाई. माझ्या वेळेत, माझ्या हाताने."

"एकाच नावाच्या तीन होतील," पॉलिशवाली चाकावरून ओरडली. बाई हसल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. मग त्यांनी ती पातळ पट्टी पॉलिशवालीला देऊ दिली नाही. स्वतः चाकावर बसून, श्वास रोखून, घासून दिली.

शाळा उघडली त्या सकाळी मामाने तासाभराची रजा घेतली आणि कारखान्यातल्या प्लास्टरच्या एप्रनवरच चढ चढून गेला. मामी ठेवणीतली साडी नेसून आधीच कठड्याबाहेर उभी होती. आईबापांना आत सोडत नव्हते. आत पटांगणात एकशे बारा पोरं, त्यांत कुठेतरी चिंगी, निळं दप्तर पाठीला. मधे एक खुर्ची, एक टेबल आणि हजेरीआजोबा. मागे लेक पाण्याचा ग्लास घेऊन.

आजोबांनी सुरुवात केली. काय सांगू महाराजा, आवाज कसला तो! एकेक नाव असं यायचं की जणू ते पोर त्याच्यासमोर लहानाचं मोठं झालंय. इकडे कठड्यापाशी एखादी आई तोंडाला पदर लावायची, कुणी स्कार्फ लावायची, एखादा बाप उगाच खोकायचा. मामाला मात्र नावं ऐकूच येत नव्हती. त्याला ऐकू येत होते दात. शीळ नाही. हवा सुटत नाही. चाळिसाव्या नावाला आजोबा थांबले, तोंडावर हात धरला. मामाला वाटलं, फुटली! पण आजोबा नुसतं पाणी प्यायले आणि पुढे गेले. पन्नास. साठ. मामीने मामाच्या एप्रनची बाही घट्ट धरली होती, तिच्या मुठीत प्लास्टर लागलं तरी तिला कळलं नाही.

आणि मग ते आलं. आधी लेकीचं नाव, नीट, ठसठशीत. लगेच मागे मामाचं.

आता हे ध्यानात घ्या. तीन वर्षं त्याला इथे कुणी नावाने हाक मारली नव्हती. कारखान्यात त्याला प्लास्टर म्हणायचे, घरी अहो, फोनवर मामा. चिठ्ठ्यांवरची हजारो नावं त्याने घरी नेली, पण त्याचं स्वतःचं कुणी कुठे नेलं नव्हतं. वडील हाक मारायचे तसं, शेवटचं अक्षर किंचित लांबवून, ते नाव भर सकाळी पटांगणातून आलं, मागोमाग तो ळ असलेलं घराणं आलं, आणि सदतीस वर्षांच्या त्या बाप्याचा हात आपोआप वर गेला.

"हजर!" मामा ओरडला.

सगळं पटांगण वळून बघायला लागलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मामी एका हाताने त्याला खाली ओढत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. पोरांच्या ओळीतून निळं दप्तर गर्रकन वळलं.

"बाबा, तू नाही! मी!"

आजोबा हसले नाहीत. त्यांनी बोट यादीवर तसंच ठेवलं, हसू ओसरेपर्यंत थांबले, आणि तिन्ही नावं पुन्हा एकदा, सावकाश वाचली. मग चिंगीने हात वर केला.